हिमप्रदेशातील कुक्कुटपालन आणि माणसाची कणव

कोंबडी हा मूळचा उष्ण प्रदेशातील पक्षी आहे ही गोष्ट प्राणिशास्त्राला मान्य आहे आणि खुद्द कोंबडीनेही ती कधी नाकारलेली नाही. तिच्याविषयी शंका घेतली ती केवळ अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील डोंगराळ राज्यांत केबिन बांधून राहणाऱ्या गृहस्थवर्गाने. पाळीव कोंबडीचा पूर्वज जो तांबडा रानकोंबडा, तो भारताच्या उत्तर व ईशान्य भागापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलांत आणि बांबूच्या बेटांत राहणारा असून, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुरातत्त्वीय संशोधनानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडे थायलंडमधील बान नॉन वाट येथे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थरांत सापडली आहेत. भाताच्या आणि भरडधान्याच्या शेतांत सांडलेल्या दाण्यांच्या लोभाने माणसाजवळ आलेला हा पक्षी पुढे त्याच्या मागोमाग जगभर गेला, आणि व्हरमाँट राज्यात पोहोचेपर्यंत त्याला परतीची वाट आठवेनाशी झाली असावी. याच राज्यातील ब्लूमफील्ड या गावी 30 डिसेंबर 1933 रोजी पारा उणे 50 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे शून्याखाली सुमारे 45 अंश सेल्सिअसपर्यंत, उतरल्याची नोंद आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दंव गोठले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र येते, अशा प्रदेशातील वाचकाने हा आकडा दोनदा वाचावा, आणि मग अंगावर केवळ पिसे व पायांत काहीही नसलेला दोन-अडीच किलोचा पक्षी तेथील कडाक्यात रात्रभर दांडीवर बसून सकाळी नेहमीच्या तक्रारीच्या सुरात दाणे मागतो, ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

केबिन म्हणजे ओंडक्यांचे किंवा फळ्यांचे, लोखंडी शेगडीत लाकडे जाळून ऊब आणणारे आणि शक्यतो डांबरी रस्त्यापासून दूर असलेले छोटे घर. अशा घरांत राहणाऱ्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : ज्यांचे आजे-पणजे तेथेच राहत होते ते, आणि जे साध्या राहणीच्या शोधात बॉस्टनहून किंवा न्यूयॉर्कहून तेथे येऊन स्थिरावले ते. पहिल्या वर्गातील लोक कोंबड्यांना नावे देत नाहीत आणि दुसऱ्या वर्गाला नावे ठेवतात. दुसऱ्या वर्गाकडील कोंबड्यांना मात्र राण्यांची, नट्यांची आणि कादंबऱ्यांतील नायिकांची नावे असतात, त्यांचे खुराडे घराच्याच रंगाने रंगवलेले असते, आणि त्या खुराड्याची जागा जुलै महिन्यात ठरवलेली असते. हिमप्रदेशातील कुक्कुटपालनाच्या बहुतेक विपत्तींचे मूळ या एका महिन्यात सापडते, कारण जुलैत खुराडे घरापासून जितके दूर तितके बरे वाटते. विष्ठेचा वास येत नाही, माश्या येत नाहीत, आणि सकाळी गवतावरून अनवाणी चालत जाऊन अंडी आणण्यात एक प्रकारचे काव्य असते. तेच अंतर जानेवारीत मांडीभर बर्फातून, अंधारात, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन कापावे लागते आणि काव्याचा अंश त्यातून पार निघून जातो. याच प्रदेशातील एकोणिसाव्या शतकातल्या शेतकऱ्यांनी, विशेषतः मेन आणि न्यू हॅम्पशर या राज्यांत, राहते घर, स्वयंपाकघर, कोठार आणि गोठा हे सारे एकाला एक जोडून बांधण्याची रीत पाडली होती. तिच्यामागे हवामानापेक्षा शेतीच्या व घरगुती उद्योगांच्या सोयीचा विचार अधिक होता असे टॉमस हबका या वास्तुअभ्यासकाने 1984 च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे. तथापि कारण काहीही असो, त्या शेतकऱ्याला गोठ्यात जाण्यासाठी टोपी घालावी लागत नसे. नव्या केबिनवाल्यांनी जुन्या पद्धतीच्या खिडक्या घेतल्या, जुन्या पद्धतीच्या शेगड्या घेतल्या, आणि नेमकी ही एक गोष्ट तेवढी घ्यायची राहिली.

ज्या थोड्या मुद्द्यांवर या विषयातील जाणत्यांचे एकमत आहे त्यांतला पहिला असा की, हिवाळ्यात कोंबडीला थंडीपासून जितका धोका असतो त्याहून अधिक धोका तिच्याविषयी वाटणाऱ्या दयेपासून असतो. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे 41 अंश सेल्सिअस असते, म्हणजे ज्या अंशाला माणूस अंथरूण धरतो आणि घरचे डॉक्टरला बोलावतात, त्या अंशाला ती निवांत दाणे टिपत असते. पिसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडून ती सारी पिसे फुलवते आणि त्यांच्यामध्ये हवेचा एक स्थिर थर कोंडून घेते, त्यामुळे तिची गोधडी तिच्या अंगावरच उगवलेली असते. पायांची व्यवस्था याहून कौतुकाची आहे : शरीरातून खाली जाणारे गरम रक्त आणि पायांतून वर येणारे थंड रक्त शेजारशेजारच्या वाहिन्यांतून विरुद्ध दिशांनी वाहते, वाटेतल्या वाटेत उष्णतेची देवघेव होते, आणि पाय गोठू नयेत इतपत ऊब खाली पोहोचून बाकीची पोटाकडे परत जाते. रात्री दांडीवर बसताना ती छातीच्या पिसांखाली बोटे झाकून घेते. त्यासाठी दांडी गोल न ठेवता चपटी ठेवावी आणि अमेरिकेत घरबांधणीसाठी सर्रास मिळणारी दोन इंच बाय चार इंच मापाची पट्टी रुंद बाजू वर करून बसवावी, एवढीच माणसाकडून अपेक्षा असते.

परंतु एवढ्याने माणसाचे समाधान होत नाही. रात्री विजेरी घेऊन तो खुराड्यात जातो, हातमोजा काढून हात आत धरतो, हाताला गार लागते, आणि त्या हाताच्या साक्षीवर विसंबून तो खुराड्याच्या साऱ्या फटी बुजवून टाकतो. इथून पुढचा घटनाक्रम शास्त्रात नीट वर्णिलेला आहे. कोंबडी अहोरात्र श्वासावाटे वाफ सोडत असते, तिच्या ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, आणि ही सारी ओल बंद खुराड्यात साचून छताच्या आतल्या बाजूला दवाच्या रूपाने जमते, गोठते, आणि सकाळी कोंबड्यांच्याच डोक्यावर ठिबकते. कोरड्या हवेत जी थंडी त्या सहज सोसतात तीच थंडी ओलसर हवेत त्यांचे तुरे काळे पाडते; हिमदंश म्हणजे ऊतींतील पाणी गोठून त्या मरणे, आणि ओल त्याला हातभार लावते. शिवाय विष्ठेतून सुटणारा अमोनिया कोंडून राहिला की डोळे आणि श्वासनलिका यांनाही इजा होते. कोंबडीला हवे असते ते वरच्या अंगाने वारा खेळणारे, खाली अंगावर झोत येऊ न देणारे आणि माणसाला गार वाटणारे खुराडे. अशा खुराड्याच्या मालकाला रात्री झोप लागत नाही आणि कोंबड्यांना उत्तम लागते.

दयेचे आणखी दोन प्रकार उल्लेखनीय आहेत. त्यांपैकी पहिला स्वेटरचा. पिंजऱ्यांतून सोडवलेल्या, पिसे झडलेल्या कोंबड्यांसाठी लोकरीचे स्वेटर विणण्याची टूम प्रथम ब्रिटनमध्ये निघाली आणि तिथून ती पिसे शाबूत असलेल्या कोंबड्यांपर्यंतही पोहोचली. स्वेटर पिसांना दाबून बसवतो, त्यामुळे फुलवायची पिसे फुलत नाहीत, हवेचा थर नाहीसा होतो, बाहेर गेल्यावर लोकर भिजते, आणि कपडे घातलेली कोंबडी उघड्या कोंबडीपेक्षा अधिक कुडकुडते. छायाचित्रात मात्र ती फार गोड दिसते. दुसरा प्रकार उष्णतेच्या दिव्याचा असून त्यात विनोद करण्यासारखे फारसे नाही. अडीचशे वॅटचा तांबडा दिवा, खाली वाळलेला भुसा, हवेत पिसांची धूळ, आणि उडून त्यावर आदळू शकणारा पक्षी या चार गोष्टी एका लाकडी खोक्यात एकत्र केल्यावर जे व्हायचे ते दर हिवाळ्यात कुठे ना कुठे होते, आणि अग्निशामक दलाची मंडळी दर हिवाळ्यात तेच सांगतात.

याच्या उलट, माणसाने काहीही न करण्यातून साधणारी एक उपाययोजना आहे. महाराष्ट्रातील कुक्कुटपालक जिला गादी पद्धत म्हणतात तीच ही. फरक इतकाच की इकडे जमिनीवर भाताचे तूस पसरतात आणि तिकडे रंधा मारताना निघालेला लाकडाचा भुसा. विष्ठा उचलायची नाही, वरून कोरडा भुसा टाकत जायचा, कोंबड्या तो उकरून वरखाली करतात, सूक्ष्मजीव आपले काम करतात, आणि वसंतापर्यंत फूटभर जाडीची, आतून थोडी ऊबदार, बागेला उपयोगी पडणारी गादी तयार होते. चार महिने केर न काढण्याला शास्त्राचा आधार मिळाल्याचे घरकामाच्या क्षेत्रातील हे बहुधा एकमेव उदाहरण असावे, आणि कुटुंबातील तरुण मंडळींनी हे तत्त्व इतर खोल्यांना लावण्याचे प्रयत्न केल्यास नवल नाही.

तुऱ्याचा विचार थोडा विस्ताराने करायला हवा, कारण या पक्ष्याचा उष्ण मुलूख त्याच्या डोक्यावर अजून उभा आहे. तुरा आणि गळ्याखाली लोंबणारी लाल कातडी ही अंगातील जादा उष्णता बाहेर टाकण्याची साधने. ज्या देशात उष्णता टाकायची नसून राखायची असते तिथे ती केवळ गोठण्याच्या कामी येतात. करवतीच्या दात्यांचा, ताठ, एकेरी तुरा मिरवणारा कोंबडा फेब्रुवारीपर्यंत त्या दात्यांपैकी काही गमावून बसतो. म्हणून हिमप्रदेशासाठी डोक्यालगत बसलेला, आखूड, वाटाण्यासारख्या गाठींचा तुरा असलेल्या जाती निवडाव्यात असे सांगितले जाते, आणि येथे इतिहास एक चमत्कारिक वळण घेतो. अमेरिकेत 1849 च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या सार्वजनिक उद्यानात कोंबड्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले आणि पुढची पाच-सहा वर्षे न्यू इंग्लंडमधील प्रतिष्ठित माणसे परदेशी कोंबड्यांपायी वेडी झाली. या साथीला ‘कोंबडीज्वर’ असेच नाव पडले होते, आणि जॉर्ज बर्नम या तिच्यातील एका मुख्य व्यापाऱ्याने साथ ओसरल्यावर, 1855 मध्ये, तिचा इतिहास लिहून त्याचेही पैसे केले. याच बर्नमने 1852 मध्ये व्हिक्टोरिया राणीला ज्या भल्याथोरल्या, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्या नजर केल्या त्या ब्रह्मपुत्रा नदीच्या नावाने प्रसिद्ध झाल्या आणि पुढे नुसत्या ‘ब्रह्मा’ उरल्या. त्यांच्यात चीनच्या शांघायकडील कोंबड्यांबरोबर बंगालच्या चितगावकडील कोंबड्यांचे रक्त होते, असे मानले जाते, आणि वाटाणा-तुरा हा त्या चितगावच्या बाजूने आलेला. म्हणजे व्हरमाँटच्या थंडीवरचा उतारा बंगालच्या उपसागराच्या दमट किनाऱ्यावरून मागवावा लागला.

कॅनडात हेच पुन्हा घडले. क्युबेक प्रांतातील ओका येथील मठात राहणाऱ्या ब्रदर विल्फ्रिड शातलँ या संन्याशाने विसाव्या शतकाच्या आरंभी खास कॅनडाच्या हिवाळ्यासाठी कोंबडीची जात घडवण्याचा संकल्प केला आणि पाच जातींचे संकर करत करत शांतक्लेर ही जात सिद्ध केली, जिला 1921 मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनची मान्यता मिळाली. तिचा तुरा इतका बसका आणि गळ्याखालची कातडी इतकी आखूड असते की हिमाला धरायला काही सापडतच नाही. त्या पाच जातींपैकी एक होती कॉर्निश, आणि कॉर्निश ही इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात भारतातून नेलेल्या असील कोंबड्यांपासून तयार झालेली. झुंजीसाठी पोसलेल्या, उन्हात तापलेल्या आखाड्यात नखे रोवून उभ्या राहणाऱ्या असीलाचे नातू-पणतू एका मौनव्रती ख्रिस्ती मठात बर्फासाठी तयार करण्यात आले. मठाच्या मौनाचा नियम त्यांना किती लागू पडला असेल, याचा अंदाज कोंबडी पाळलेल्या कोणालाही करता येईल.

कोंबडीची सोय याप्रमाणे निसर्गाने आणि संन्याशाने लावून दिली. पाण्याची मात्र कोणीच लावली नाही. एका कोंबडीला दिवसाला साधारण पाव लिटर किंवा त्याहून काही अधिक पाणी लागते, अंड्याचाही मोठा भाग पाणीच असतो, आणि पाणी तुटले की आधी अंडी तुटतात. रबरी नळी नोव्हेंबरातच गोठून काठीसारखी ताठ झालेली असते, खुराड्यातील भांडे तासाभरात गोठते, आणि केबिनमध्ये चिंतन व लेखन करण्यासाठी आलेल्या गृहस्थाचे डिसेंबरात पाणक्यात रूपांतर होते. तो दोन भांडी ठेवतो, एक आत शेगडीपाशी वितळत असते आणि दुसरे बाहेर गोठत असते, आणि त्यांची अदलाबदल हाच त्याचा दिनक्रम होतो. विजेवर तापणारी तबकडी भांड्याखाली ठेवण्याची सोय उपलब्ध आहे; पण डोंगराळ भागात वीज ज्या रात्री जाते ती रात्र हटकून सर्वांत थंड असते. याउपर, पाणक्याने घसरत, पडत, बादलीतील अर्धे पाणी स्वतःच्या बुटांत ओतून घेऊन आणलेले कोमट पाणी समोर ठेवावे आणि कोंबड्यांनी त्याकडे एक डोळा करून पाहून दाराशी साठलेला बर्फ टिपावा, असेही घडते.

तो बर्फ त्या चोचीने टिपतात. त्यावर पाय मात्र ठेवत नाहीत. पहिल्या हिमवृष्टीनंतर सकाळी खुराड्याचे दार उघडले की सर्वांत धीट कोंबडी उंबरठ्यापर्यंत येते, जिथे काल जमीन होती तिथे काहीच नाही असे तिला आढळते, ती थांबते, मागच्या कोंबड्या तिला ढकलतात, आणि मग एकमताने सर्व परत जातात. त्यांना बाहेर काढण्यासाठी मालक फावड्याने वाट करतो, वाटेवर पेंढा पसरतो, आणि त्या पेंढ्याच्या कडेपर्यंत त्या येतात. कडेपलीकडे त्यांचे जग संपलेले असते. अशा कोंडलेल्या कळपात स्वभाव बिघडतात. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचे याची एक ठरलेली उतरंड असते, हे नॉर्वेच्या थॉर्लेफ शेल्डेरुप-एब्बे याने लहानपणापासून कोंबड्यांच्या मागे वही घेऊन हिंडून शोधून काढले आणि 1921 च्या सुमारास शास्त्रापुढे मांडले. कोंडवाड्यात ही उतरंड अधिक काटेकोरपणे अमलात येते, शेवटच्या पायरीवरील कोंबडीच्या पाठीची पिसे कमी होऊ लागतात, आणि त्यावर उतारा म्हणून छताला दोरीने एक अख्खा कोबी टांगतात, जेणेकरून त्या एकमेकींऐवजी त्याला टोचतील. केबिनमध्ये त्याच काळात चार माणसे, एक शेगडी आणि पाणी कोणी न्यायचे हा प्रश्न कोंडलेला असतो. तिथेही उतरंड असते. कोबी टांगण्याची कल्पना मात्र अजून कोणाला सुचलेली दिसत नाही.

आता अंड्यांविषयी, ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालतो असा समज आहे. कोंबडीच्या अंडी घालण्याचा संबंध थंडीपेक्षा उजेडाशी अधिक आहे. तिच्या मेंदूतील काही पेशींना कवटीच्या हाडातून झिरपणारा प्रकाश थेट कळतो, आणि दिवस चौदा तासांच्या आसपास असल्याखेरीज तिचा अंडाशय नीट कामाला लागत नाही. व्हरमाँटमध्ये डिसेंबरातील दिवस नऊ तासांहूनही लहान असतो, शिवाय शरदात तिने जुनी पिसे टाकून नवी घ्यायला सुरुवात केलेली असते व अंगातील प्रथिने तिकडे खर्ची पडतात, त्यामुळे ऐन हिवाळ्यात ती दाणे दुप्पट उत्साहाने खाते आणि अंडी घालत नाही. यावर खुराड्यात एक साधा दिवा लावून तो घड्याळाच्या बटणावर सोडण्याची युक्ती आहे. उजेड संध्याकाळी वाढवून चालत नाही, कारण बटण अचानक बंद झाले की कोंबड्या अंधारात दांडी न सापडता खाली अडकतात; म्हणून दिवस पुढे न लांबवता मागे लांबवतात आणि पहाटे चार वाजता कृत्रिम उजाडते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही असे मराठीत म्हणतात. इथे कोंबडे उघडे असते आणि सात वाजून गेले तरी तांबडे फुटत नाही. कोंबडा मात्र दिव्याचीही वाट पाहत नाही, कारण त्याचे आरवणे अंगातल्या घड्याळावर चालते असे जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले आहे. केबिनमधील पाहुण्यांना हे संशोधन फारसे सांत्वन देत नाही.

जे मोजके अंडे मिळते तेही वेळेवर उचलले नाही तर गोठते, आतला द्रव फुगून कवच उभे तडकते, आणि म्हणून मालक दिवसातून तीन-चारदा रिकाम्या घरट्यांत हात घालून येतो. 2025 च्या मार्चमध्ये, पक्ष्यांच्या फ्लूच्या साथीने अमेरिकेत अंड्यांचे भाव चढले असताना, डझनाला सरासरी 6.23 डॉलर हा विक्रमी दर नोंदवला गेला, आणि त्या दिवसांत पुष्कळांना घरच्या कोंबड्या हा काटकसरीचा मार्ग वाटला. खुराड्याचे लाकूड, मुंगसासारख्या दिसणाऱ्या लहानशा, हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या आणि इंचभर फटीतून आत शिरणाऱ्या एर्मिनला अडवणारी अर्ध्या इंचाची जाळी, तापती तबकडी, घड्याळाचे बटण, भुसा, पेंढा, खाद्याची पोती आणि तो टांगलेला कोबी यांची बेरीज एकदा केली असता, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा हिशेब फार उदार ठरतो. म्हणूनच अनुभवी मालक बेरीज करत नाहीत.

फेब्रुवारीच्या अखेरीस, जेव्हा बादलीची कडी हाताला चिकटते आणि पाठ धरलेली असते, तेव्हा या मंडळींपैकी बहुतेकांनी हा शेवटचा हिवाळा असे घरात जाहीर केलेले असते. परंतु हॅचरी, म्हणजे यंत्रावर अंडी उबवून पिल्ले विकणारे कारखाने, आपले रंगीत सूचिपत्र जानेवारीतच पाठवतात, आणि शेगडीपाशी बसून ते चाळणाऱ्या माणसापुढे निळी अंडी घालणारी, चॉकलेटी अंडी घालणारी, पायांवर पिसे असलेली अशा नाना जाती जुलैच्या हिरव्या गवतावर उभ्या असतात. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर ते सुमारे तीन दिवस दाण्यापाण्यावाचून काढू शकते. या एका गोष्टीच्या बळावर अमेरिकेचे टपालखाते 1918 पासून एक दिवसाची पिल्ले भोके पाडलेल्या खोक्यांतून देशभर पोहोचवत आले आहे. एकमेकांच्या उबेने ती वाटेत तगावीत म्हणून अनेक ठिकाणी पंचवीसपेक्षा कमी पिल्लांची मागणी घेत नसत, त्यामुळे सहा पिल्ले हवी असलेला माणूस पंचवीस मागवतो आणि उरलेली शेजाऱ्याला देऊ असे बायकोला सांगतो, आणि त्याच वेळी शेजारीही आपल्या बायकोला तेच सांगत असतो. मग एप्रिलमध्ये एका पहाटे सहाच्या आत टपालकचेरीतून दूरध्वनी येतो. पलीकडच्या कारकुनाचे बोलणे चिवचिवाटात नीट ऐकू येत नाही. पण खोके आले आहे, ते ताबडतोब घेऊन जावे, आणि ते दोन आहेत, एवढे समजते.